अकराव्या केसमधलं कासव

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक खाजगी मेडिकल कॉलेज आहे. नाव नको. नावाने गोष्टीची चव वाढत नाही, नुसती माणसं दुखावतात. तर तिथे गेल्या वर्षी अशी कुजबुज होती की अकरा नंबरच्या केसमधली मेलेली बाई भर दुपारी पोरांच्या फाइलीत येते आणि काहीबाही लिहून जाते.

मेडिकल कॉलेजाला भुतांचं काय अप्रूप! शरीररचनेच्या हॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी उसासे टाकत आलंय. पण ती जुन्या वळणाची भुतं. ही बाई लिंकवरून यायची. ना पांढरी साडी, ना मोकळे केस. पाय उलटे की सुलटे ते बघायचीसुद्धा सोय नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात म्हणे एक छोटंसं हिरवं कासव उगवायचं, त्याच्याबरोबर एक लुकलुकती रेघ, आणि ती रेघ सरकायला लागली की मुलींच्या हॉस्टेलमध्ये धडाधड लॅपटॉप मिटायचे. कँटीनवाला म्हणे, कॉम्प्युटर बंद असला तरी ती लिहिते. वॉर्डातल्या मावश्यांचं म्हणणं, ती नवऱ्याला जाब विचारते. लायब्ररीतल्या नितेशने तर राऊटरला लिंबू-मिरची बांधली. त्या दिवसापासून तिथलं नेट जरा बरं चालतं, हे नितेशचे दुश्मनही कबूल करतात.

ज्याने त्याने आपापलं तिखट-मीठ घातलं. एकाच माणसाने ना काही घातलं, ना काही काढलं. "श्यामभाऊ, खरं काय हो?" असं कोणी विचारलं की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि म्हणायचा, "आली होती ती." बस, तेवढंच. आणि श्यामकांत धुरी खोटं बोलत नाही, असा त्याचा लौकिक. त्या लौकिकाला एक भोक होतं. गोष्ट त्या भोकाची आहे.

श्यामकांतचा बाप कुडाळकडचा. परळच्या गिरणीत होता, संपानंतर भांडुपच्या टेकडीवर खोली घेऊन राहिला आणि उरलेलं आयुष्य वॉचमनच्या खुर्चीत काढलं. पोराने खुर्ची तरी टेबलासमोरची मिळवावी, एवढीच त्याची इच्छा. श्यामकांतने दहावीनंतर टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, मराठी तीस, इंग्रजी चाळीस, आणि त्या दोन कागदांवर या कॉलेजात चिकटला. डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या बायकांना लागत नाही, ते त्याला लागायचं. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांचं ज्ञान टाइप केलं. असं सतत दुसऱ्याच्या लग्नात वाढायला उभं राहिलं की कधीतरी माणसाला आपणच नवरदेव आहोत असं वाटायला लागतं. श्यामकांतचं तसं झालं, ते लॉकडाऊनमध्ये.

कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर. मोठमोठे प्रोफेसर स्क्रीनवर कपाळ तेवढं दाखवत बसलेले. कोणाचा आवाज येईना, कोणाच्या घरातला मिक्सर मात्र सगळ्यांना ऐकू जायचा. तेव्हा हे टायपिस्ट धुरी पुढे आले आणि सगळ्या मीटिंगांचे होस्ट झाले. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा माइक बंद करायचा, सगळं त्याच्या बोटावर. खुद्द डीनचं तोंड एका बटनाने बंद करणारा त्या कॉलेजातला तो पहिला आणि शेवटचा माणूस. पुढे कॉलेज उघडलं, तरी बुधवारचा एक वर्ग ऑनलाइनच राहिला, आणि श्यामकांत त्याचा होस्ट राहिला. कॅमेरा बंद, माइक बंद, कान उघडे.

हा बुधवारचा वर्ग म्हणजे पीबीएल, प्रॉब्लेमवरून शिकायची पद्धत. त्यात मास्तर शिकवत नाही. आठ पोरांच्या गटाला एक पेशंट कागदावर देतात, तोही तुकड्यातुकड्याने. पहिल्या बुधवारी पेशंट दारात येतो. दुसऱ्या बुधवारी तपासण्या येतात. तिसऱ्या बुधवारी कळतं, तो वाचला की गेला. मधल्या आठवड्यात पोरांनी आपापलं शोधायचं आणि सगळ्यांच्या सामाईक फाइलीत लिहायचं. एकाच पानावर आठ रेघा लुकलुकतात, कोणी लिहितंय, कोणी दुसऱ्याचं खोडतंय. मास्तरला उत्तर ठाऊक असतं, पण सांगायचं नाही, नुसतं "असं का वाटतं?" विचारत राहायचं. हे आपल्याकडे फक्त सासवांनाच साधलेलं होतं.

श्यामकांतला या वर्गाची चटक लागली. एवढी वर्षं टाइप केलेलं त्याला आता कळायला लागलं, निदान कळतंय असं वाटायला लागलं. आणि अर्ध्या हळकुंडाने तो असा पिवळा झाला की भांडुपच्या चाळीत कोणी खोकलं तरी हा दारात. "कफ कसला आहे? रंग काय?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. घरात पाऊल टाकलं की बायको जानकी म्हणायची, "इले आमचे डागतर! वायच मोरी तुंबलीसा, तिका तपासून बघा."

जानकी सावंतवाडीकडची. जिभेने तिखट, हाताने गोड. तिचे गुडघे चाळिशीतच गेले होते. टेकडीवरची खोली, वर-खाली सव्वाशे पायऱ्या. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट जळायचं. मग कोणीतरी भांडुपच्या बाजारातला एक वैद्य सांगितला. तो तपकिरी पुड्या द्यायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक, मधातून. काय जादू म्हणावी! पंधरा दिवसांत जानकी पायऱ्या चढताना गाणं म्हणायला लागली. दोन वर्षं पुड्या चालल्या. चेहरा असा भरला की शेजारणी म्हणायच्या, "जानकी, तुझ्या अंगी गं काय लागतंय, माहेरची म्हैस आणलीस की काय?" २०२२च्या गौरीला तिने एवढी फुगडी घातली की समोरची विशीतली सून घेरी येऊन बसली.

त्यानंतर पंधरा दिवसांत जानकी गेली.

आधी उलट्या. मग पोटात दुखणं, मग उठताच येईना. रविवारी तिने मुलीला फोन केला. श्रुतिका गोरेगावला दिलेली, डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. ती म्हणाली, "आई, मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. मला बुधवारी सुट्टी आहे, बुधवारी येते." मंगळवारी दुपारी जानकीला शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवल्या आणि श्यामकांतने तिला आपल्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात आणलं. रक्तदाब लागत नव्हता. कॅज्युअल्टीतला डॉक्टर ओळखीचा, त्याने सुया टोचता टोचता विचारलं, "श्यामभाऊ, वहिनींना औषध काय चालू आहे?"

श्यामकांत म्हणाला, "चालू काही नाही."

हेच ते भोक. पुड्या होत्या, दोन वर्षं होत्या. पण त्या मंगळवारी चालू नव्हत्या. त्या बंद कशा झाल्या, हे त्या जागेत त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ज्याने अख्ख्या कँटीनला आरोग्यावर भाषणं दिली, त्याच्या बायकोच्या पोटात बाजारच्या पुड्या, हे तो तिथे उभा राहून सांगणार कसा? एक वाक्य गिळलं त्याने. सलाईन चढलं, अँटिबायोटिक गेलं, रक्तदाब काही वर आला नाही. बुधवारी पहाटे जानकी संपली. श्रुतिका ठरल्याप्रमाणे बुधवारी आली.

पुढे दर महिन्याला ती भांडुपला यायची, वडलांसाठी डबे भरून आणायची आणि निघताना उंबऱ्यात हमखास म्हणायची, "पप्पा, मी रविवारीच आले असते तर?" आणि तो, खोटं न बोलणारा श्यामकांत, मुलीच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभा राहायचा. त्याला वाटायचं, आत्ता सांगावं. मग वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू. अशा पंधरा-सोळा खेपा गेल्या.

२०२३ साली कॉलेजात डॉ. गंधाली आल्या, कोल्हापूरच्या. फटकळ बाई, पण काम चोख. त्यांनी जुन्या केसेस मोडीत काढल्या. म्हणाल्या, "या केसेसची उत्तरं पोरांना सीनियरकडून आधीच कळतात. मला न सुटलेल्या केसेस द्या. आपल्याच रेकॉर्ड रूममधल्या." नावं-पत्ते काळे करून कागदांच्या झेरॉक्स आल्या आणि नेहमीसारख्या श्यामकांतच्या टेबलावर पडल्या, टाइप करायला. दहा केसेस त्याने टाइप केल्या. अकरावी उचलली.

'वय ५२, स्त्री, गृहिणी. तीन दिवस उलट्या, अशक्तपणा. रक्तदाब अत्यंत कमी.' आणि खाली ओळखीच्या त्या डॉक्टरच्या गिचमिड अक्षरात, 'कोणतेही औषध चालू नाही. माहिती देणारा: पती.'

नाव काळं केलं होतं. पण कागद उजेडाकडे धरला की काळ्या पट्टीतून अक्षरं दिसायची. श्यामकांतने कागद उजेडाकडे धरला नाही. गरज नव्हती. त्याने ती केस टाइप केली, एकही चूक न करता.

पुढच्या जानेवारीपासून अकरावी केस गटांना मिळायला लागली. दर तीन आठवड्यांनी नवा गट, दर तीन आठवड्यांनी जानकी कॅज्युअल्टीच्या दारात. कॅमेरा बंद करून श्यामकांत ऐकायचा. विशीतली पोरं तिच्या पोटाबद्दल, लघवीबद्दल, रक्तातल्या क्षारांबद्दल वाद घालायची. "या बाईने उशीर का केला यार?" "अनएज्युकेटेड असणार." "घरच्यांनी वाट लावली तिची." दर गट तिसऱ्या बुधवारी हात टेकायचा: जंतुसंसर्ग असावा, नक्की सांगता येत नाही. फाइल बंद व्हायची. आणि श्यामकांत संध्याकाळी सव्वाशे पायऱ्या चढताना मध्येच थांबून मागे बघायचा. गौरीच्या दिवसांत ती मागून गाणं म्हणत यायची, तेवढ्याच अंतरावर आताही कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. शेजारची माधुरी दारातून विचारायची, "काका, कोण राहिलंय मागे?" हा म्हणायचा, "कोण नाय."

डॉ. गंधालींचा एक नियम होता. फाइलीत डावीकडे एक रकाना: 'तुम्ही काय विचाराल?' तो मराठीतच भरायचा. "पेशंट पाठ्यपुस्तक बोलत नाही," त्या म्हणायच्या. आणि जो तो आपापल्या नावाने लिहील, कारण मार्क त्यावर. पण निम्म्या पोरांना लॉगिन जमायचं नाही, ती श्यामकांतचं डोकं खायची, म्हणून त्याने फाइल अशी ठेवली होती की लिंक असलेल्या कोणालाही शिरता यावं. नाव घेऊन शिरलात तर नाव दिसतं. तसेच शिरलात तर फाइल तुम्हाला एखाद्या प्राण्याचं नाव देऊन मोकळी होते.

चौथा गट. पहिला बुधवार झाला, नेहमीसारखाच. गुरुवारी दुपारी श्यामकांतने विभागाच्या खात्यावरून फाइल उघडली. सगळे तास चालू, फाइलीत एकही पोर नाही. आणि कोपऱ्यात कासव.

गावच्या देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावायचा, मग आत जायचं, ही लहानपणापासूनची सवय. त्याचा हात नकळत स्क्रीनकडे गेला. डावीकडच्या रकान्यात रेघ सरकत होती. एकेक अक्षर पडत होतं, अडखळत, बोट शोधून शोधून टाइप करणाऱ्यासारखं.

'पुडीबद्दल कोणी विचारलं नाही.'

कासव गेलं.

श्यामकांतने उठून पंखा बंद केला. मग परत लावला. पुडी हा शब्द त्या कागदात कुठेच नव्हता. हॉस्पिटलात कुठेच नव्हता. कागदातली बाई कोण आणि तिची पुडी कसली, हे दोघांनाच ठाऊक होतं, एक तो आणि दुसरी ती.

शुक्रवारी पुन्हा. 'पुडी अचानक बंद झाली असेल तर?'

त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. शनिवारी श्रुतिका आली, तिने डबे लावले, उंबऱ्यात थांबून नेहमीचं वाक्य म्हणाली, आणि त्याला वाटलं, आपल्या मागे मोरीच्या दारात कोणीतरी उभं राहून ऐकतंय. त्याने मागे वळून बघितलं. "पप्पा, बरं नाही का?" "बरा आसंय," तो म्हणाला. रात्रभर कूस बदलत राहिला. भुताची भीती वाटते ती ते मारेल म्हणून नव्हे. ते विचारेल म्हणून.

मंगळवार. दुपारचे दोन. विभागात चिटपाखरू नाही, सगळे जेवायला. उद्याचा दुसरा तुकडा फाइलीत घालायचा होता, म्हणून श्यामकांतने ती उघडली. कासव आधीच येऊन बसलं होतं.

'पुडी बंद कधी झाली?'

तीस शब्द मिनिटाला टाइप करणारा माणूस, पण त्याची बोटं कीबोर्ड विसरली. त्याने लिहिलं, 'जानके, तू आसस?'

रेघ लुकलुकत राहिली. बराच वेळ. मग:

'आहे. सांगा.'

ती त्याला अहो-जाहोच करायची. श्यामकांतने खुर्ची पुढे ओढली.

'आदल्या बुधवारी,' त्याने लिहिलं.

'पुडी कोण आणायचं?'

'मीच. बाजारातून.'

'किती दिवस चालली?'

'दोन वर्सां.'

'बंद कोणी केली?'

कॉरिडॉरमधून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज गेला. श्यामकांतने खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. मग त्याने टाइप केलं, निम्मी मालवणी, निम्मी ऑफिसची मराठी, अशी खिचडी त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

'मी केली. त्या बुधवारी जुन्या चार नंबरच्या केसचा पहिला तुकडा होता. पोरांनी फाइलीत लिहिलं, वैद्याच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळतात, घातक असतात. मी वर्ग संपल्या संपल्या घराक इलंय. तू चाय ठेवली होतीस. तुका विचारलंय पण नाय. सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या, वरून दोन तांबे पाणी. तू म्हणालीस, अवो, वैद्याक तरी विचारा. मी म्हटलं, मी रोज डॉक्टरांत बसतो, तू मला शिकवू नको. दुसरा तुकडा पुढच्या बुधवारी होता. त्यात पोरांनी लिहिलं, पुड्या एकदम बंद करू नयेत, शरीर स्वतःचा तसला रस करायचं विसरलेलं असतं, हळूहळू कमी कराव्यात, नाहीतर माणूस जातो. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मी त्या बुधवारी रजेवर होतो. तुका घेऊन मुलुंडच्या स्मशानात होतो. तेराव्यानंतर कामावर आलो तेव्हा वाचलं.'

मग उमटलं:

'डॉक्टरांना सांगितलं?'

'नाय.'

'का?'

'लाज वाटली.'

आता त्याला रडू येत होतं, पण तो टाइप करत होता, चुका न करता. रेघ सरकली:

'आणखी काही सांगायचं आहे?'

असं तिने जिवंतपणी कधी विचारलं नव्हतं. त्याने लिहिलं, 'श्रुतिकेक वाटता तिची चूक. ती रविवारी इली असती तरी मी तिकाही सांगलंय नसतंय.'

'बरं,' असं उमटलं, आणि कासव गेलं.

ते खोडायला त्याला एक बटन पुरलं असतं. अख्खी दुपार होती त्याच्याकडे. त्याने ते खोडलं नाही. बायको एवढ्या लांबून आली, विचारून गेली, तिच्यासमोर दिलेली जबानी पुसायची कशी?

बुधवारी तीन वाजता डॉ. गंधालींनी आठ पोरांसमोर फाइल उघडली. डावीकडचा रकाना खालपर्यंत भरलेला. त्या वाचत गेल्या. पोरं वाचत गेली. वर्गातला आगाऊ पोरगा आकाश, जो कधी गप्प बसत नाही, तो म्हणाला, "मॅडम, हे... हे काय आहे?"

"मीही तेच विचारतेय. विभागाच्या खात्यावरून कोणी लिहिलं हे?"

तेव्हा त्या वर्गात इतक्या वर्षांत पहिल्यांदा होस्टचा कॅमेरा लागला. चष्मेवाला, टक्कल पडलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. माइक उघडला.

"मी, मॅडम. श्यामकांत धुरी. ती माझी बायको."

डॉ. गंधाली हळू म्हणाल्या, "श्यामभाऊ... आणि हे प्रश्न? हे कासव कोण?"

"तीच."

कुजबुज जन्मली ती इथे. आठ पोरं, आठ मोबाइल. संध्याकाळपर्यंत बातमी कँटीनला पोचली आणि दुसऱ्या दिवशी नितेश लिंबू आणायला गेला.

वर्ग संपल्यावर डॉ. गंधाली त्याच्या टेबलाशी आल्या. श्यामकांतने विचारलं, "मॅडम, मी तेव्हा सांगितलं असतं तर?"

"एक इंजेक्शन असतं, स्टिरॉइडचंच. साधं. कॅज्युअल्टीच्या कपाटात असतंच. कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नाही. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

रविवारी तो गोरेगावला गेला आणि श्रुतिकेला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीड वर्ष तुम्ही मला उंबऱ्यात रडताना बघत होतात, पप्पा." उठून आत गेली. जावयाने चहा दिला, तो त्याने घेतला. चार महिने तिचा फोन नाही. दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला आली, आईच्या आवडीचे वडे केले, त्यालाही वाढले, शेजारी बसली नाही. आता येते अधूनमधून. डबे आणते. उंबऱ्यात थांबत नाही.

अकरावी केस अजून चालू आहे, पण बदलून. आता तिसऱ्या तुकड्याआधी पोरांना नवऱ्याशी बोलायला मिळतं. नवरा म्हणून श्यामकांत बसतो, कॅमेरा लावून. डॉ. गंधालींनी दहादा विचारलं, "नक्की जमेल? दुसऱ्या कोणाला बसवते." तो म्हणाला, "दुसऱ्याक काय माहीत?" पोरं विचारतात, "काका, काही औषध चालू होतं का?" तो त्या दिवशी म्हणाला होता तसंच म्हणतो, "चालू काही नाही." मग गप्प बसतो आणि वाट बघतो. एखादं पोर पुन्हा विचारतं: आधी कधी काही घेत होत्या का, बाजारचं, वैद्याचं, कोणी दिलेलं? मग तो सगळं सांगतो. काही गट विचारतच नाहीत, तिथेच "थँक यू काका" म्हणून पुढे जातात. त्याला आपणहून सांगायची मुभा नाही, तसा नियम त्यानेच करून घेतलाय. त्या बुधवारी जानकी पुन्हा मरते, आणि हा कॅमेरा बंद करून बराच वेळ तिथेच बसून राहतो. फाइल उघडी असते. कासव परत आलेलं नाही.

कासव म्हणजे चौथ्या गटातला प्रबुद्ध, विक्रोळीचा. त्याची आजी सुंदराबाई याच वैद्याच्या पुड्या खायची आणि त्या संपल्यावर अशीच आडवी झाली होती. पालिकेच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरने खोदून विचारलं म्हणून ती वाचली. हॉस्टेलवर त्याने पुडीचं नाव काढलं तेव्हा आकाश हसला होता, "कागदावर छापलंय औषध नाही, आणि हा चालला पुडी शोधायला!" म्हणून तो नाव न घालता मोबाइलवरून फाइलीत शिरला. विभागाच्या खात्यावरून उत्तर आलं तेव्हा त्याला वाटलं, डॉ. गंधाली नवऱ्याचं सोंग घेऊन परीक्षा बघताहेत, म्हणून तो शिकवल्याप्रमाणे क्रमाने प्रश्न विचारत गेला. बुधवारी खरं कळल्यावर तो भीतीने गप्प राहिला. श्यामकांतला त्याने अजून सांगितलेलं नाही.